जुन्नरची पेठ

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, शिवनेरीच्या पायथ्याशी कुकडी नदीकाठी वसलेले प्राचीन व्यापारी गाव. आज तालुक्याचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६९० मी. शिवनेरी किल्ला आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज यांची माहिती त्या त्या नोंदींत पाहावी. येथे विचार केला आहे तो पेठेचा, तिथल्या कारागिरांचा आणि घाटवाटेवरच्या रोजच्या जगण्याचा.

‘जुन्नर’ हे नाव ‘जीर्णनगर’वरून आले, असे सामान्यतः मानतात. काही जण ‘जुने नगर’ अशी फोड करतात. कोणतीही व्युत्पत्ती घेतली तरी हे नाव पडले तेव्हाच गाव जुने होते, असे दिसते. मग त्याआधीचे नाव कोणते, या प्रश्नावर बराच वाद झाला. ग्रीक प्रवासवर्णनांत दख्खनच्या दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत, पैठण आणि तगर. यांपैकी तगर म्हणजे जुन्नर, असे भगवानलाल इंद्रजी यांनी सुचवले. भोवतालच्या तीन डोंगरांवरून ‘त्रिगिरि’ आणि त्यावरून तगर, अशी त्यांची मांडणी होती. रा. गो. भांडारकरांनी त्यावर घेतलेला आक्षेप साधा पण निर्णायक आहे: तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे मूळ वर्णन सांगते, तर जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे. पुढे फ्लीट यांनी तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे दाखवून दिले आणि तेच मत आता रूढ आहे. क्षत्रप (शक प्रांताधिपती) नहपानाची राजधानी जुन्नर असावी, असेही काही अभ्यासक म्हणतात. मानमोडी डोंगरातील लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. हे वर्ष शक संवताचे धरल्यास इ. स. १२४ येते, नहपानाच्या राज्यवर्षाचे धरल्यास ते बरेच मागे जाते. पहिला पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र अमात्याच्या लेखावरून राजधानी ठरवता येत नाही.

जुन्नरची भरभराट झाली ती नाणेघाटामुळे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल कोकणातून या चिंचोळ्या, दगडी फरसबंदीच्या वाटेने घाटघरला चढे आणि तेथून सुमारे ३० किमी. पूर्वेस जुन्नरला येई. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत आणि त्यावरूनच घाटाला नाव पडले, अशी परंपरा आहे. रांजण जकातीचा असणे अशक्य नाही. पण घाटातील लेण्यामधला सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख यज्ञांचा आणि दक्षिणांचा आहे, जकातीचा नव्हे. एका ठिकाणी कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) आकडा २४,४०० असा दिला आहे आणि भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. ब्यूलर यांनी तो इ. स. पू. दुसऱ्या शतकात ठेवला होता. अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील असावा, हे दि. चं. सरकार यांचे मत पुढे अधिक मान्य झाले.

पेठेतील माणसांचा पत्ता मात्र राजांच्या लेखांत लागत नाही. तो लागतो जुन्नरभोवतीच्या तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या बौद्ध लेणीसमूहांतील एकदोन ओळींच्या दानलेखांत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघटनेने (‘धंञिकसेणि’), सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. त्याच्या लेखातील ‘हेरणिक’ हा शब्द काही जण पित्याचे नाव मानतात, काही सोनाराचा किंवा खजिनदाराचा व्यवसाय. यवन (ग्रीक) म्हणवणाऱ्या तिघांची दानेही येथे आहेत. इरिलाने दोन टाकी दिली, चिटाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला, चंदाने ‘गभदार’ (लेण्याचा दर्शनी भाग) दिले. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने (जमिनीचे जुने माप) आणि वडांसाठी ९ निवर्तने जमीन ‘कोणाचिक’ श्रेणीकडे लावून दिली. कोणाचिक हे गाव की धंदा, यावर एकमत नाही.

या सर्वांत मोलाचा लेख बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचा आहे. पाठ खंडित आहे. तरी ‘वसकार’ म्हणजे बांबूकाम करणारे आणि ‘कासाकार’ म्हणजे काशाची भांडी घडवणारे, हे स्पष्ट वाचता येते. ठेव या श्रेणींकडे ठेवायची आणि दरमहा ठरलेले उत्पन्न संघाला पोचवायचे, अशी ही व्यवस्था होती. बुरुडांच्या श्रेणीपुढे आकडा येतो तो ‘पाउणदुके’, म्हणजे पावणेदोन. हा व्याजाचा दर की नक्त रक्कम, याबद्दल मतभेद आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडील ठेवीचा दर ‘पायून’ म्हणजे पाऊण टक्का दिला आहे. त्याच्याशी तुलना करता जुन्नरचा आकडाही दराचाच असावा. सुपे-टोपल्या विणणाऱ्यांवर लोक कायमची ठेव सोपवत होते, ही या लेखातून कळणारी मोठी गोष्ट आहे. पाऊण-पावणेदोनचा हिशेब तर आजही बाजारात त्याच शब्दांत चालतो. अशा लेखांचे ठसे नव्याने आणि काळजीपूर्वक घेणे निकडीचे आहे, कारण डोंगरातील पाझराने अक्षरे झिजत आहेत.

सातवाहन-क्षत्रप काळानंतर पेठेची माहिती तुटक मिळते. बहमनी काळात रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौलहून घाट चढून येथे आला. त्याच्या प्रवासाचे वर्ष जुन्या अभ्यासकांनी १४६९ धरले होते, पुढील संशोधनाचा कल १४७१ कडे आहे. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, याच दिवसांत नांगरणी-पेरणी, घोड्यांना हरभरा आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी, असे तो लिहितो. या देशात घोडे निपजत नाहीत, ओझी वाहतात ते बैल आणि म्हशी, हेही त्याने टिपले. जुन्नर घोड्यांच्या व्यापाराचे ठाणे होते, हे यावरून ध्यानात येते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला तेव्हाही रोकडीबरोबर सुमारे दोनशे घोडे हाती लागल्याचे सांगितले जाते.

उत्तरकाळात जुन्नरचे नाव झाले ते कागदामुळे. ‘जुन्नरी कागद’ मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जाई. जुनी गोणपाटे आणि दोरखंड यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात मुरवत, पायाने चालवायच्या जड मुसळाने कुटत आणि नदीत पुन्हा पुन्हा धूत. तो लगदा हौदात कालवून कारागीर गवती काड्यांची चाळण आत बुडवी व अलगद वर उचली. चाळणीवर राही तो एक ताव. तो भिंतीवर चिकटवून वाळवत, खळ लावत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटत. घोटाई नीट झाली नाही तर बोरूची शाई फुटे, म्हणून कागदाची प्रत तिच्यावर ठरे. हा धंदा करणारे कागदी मुसलमान होते. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा जुन्नरहून आलेल्या कागद्यांनी वसवला, असे सांगतात. हातकागदाची पुण्यातील संस्था १९४० मध्ये निघाली, तोवर गिरणीच्या कागदापुढे जुन्नरचा धंदा जवळजवळ बसला होता.

घाटवाटेचे महत्त्व त्याआधीच ओसरले होते. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये रेल्वे झाली. कोकणातून मीठ आणि माथ्यावरून धान्य वाहणारे बैलांचे तांडे त्यानंतर हळूहळू थांबले. पेठेचा व्याप पूर्वेकडील बागायती गावांच्या मालावर आला आणि पुढे नारायणगाव, आळेफाटा ही ठिकाणे वाढली.

पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावर महादेव कोळी आणि ठाकर वस्ती आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा), पावसात भात, नाचणी आणि वरई लावायची, हा तेथील क्रम. रोख पैसा देतो तो हिरडा. कोवळी फळे झोडून, उन्हात काळी होईतो वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात. औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी त्याला मागणी असते. भाव मात्र व्यापारी ठरवतो.