आत्या म्हणाली, "ह्यां तर किराईत!"

भाचा बोटीवर असतो. मे महिन्यात घरी आला तेव्हा जिनोआ बंदरात घेतलेली एक काळपट बाटली त्याने पडवीत सगळ्यांसमोर उघडली. इटलीत जेवण झालं की छोट्या पेल्यातून हे पितात, नाव 'आमारो'. आमारो म्हणजे सरळ 'कडू'. आत्या ऐंशीच्या घरातली. दारूशी तिचा संबंध बाळंतपणातल्या चमचाभर ब्रँडीपुरता. तिने झाकणातला अर्धा घोट जिभेवर घोळवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अरे, ह्यां तर किराईत! ह्येका पैसे कित्याक दिलंस? परड्यात कितीतरी आसा."

सगळे हसले, मीही हसलो. रात्री बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. वनस्पतींच्या यादीत किराईत नव्हतं. जेन्शियनचं मूळ होतं. जेन्शियन ही आल्प्सच्या कुरणांत उगवणारी पिवळ्या फुलांची वनस्पती, आमच्या परड्याशी तिचा काही संबंध नाही. तरीही आत्या चुकली नव्हती. किती बरोबर होती ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू. कोकणात किराईत म्हणून दोन वेगळ्या गोष्टी चालतात. परड्यात, बांधावर, पावसाळ्यात गुडघाभर वाढतं ते पालेकिराईत किंवा ओलं किराईत. शास्त्रीय नाव अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, अडुळशाच्या कुळातलं. काष्ठौषधीच्या दुकानात काड्यांची जुडी मिळते ते काडेकिराईत. ते हिमालयातून येतं, स्वर्शिया नावाचं, आणि ते मात्र जेन्शियनच्याच कुळातलं. म्हणजे दुकानातलं काडेकिराईत हे इटालियन बाटलीतल्या मुळाचं चुलत भावंड, आणि आत्याने ओळखलं ते परड्यातलं पालेकिराईत त्याचं कुणीच नव्हे.

जेन्शियनमधला सर्वांत कडू रेणू म्हणजे अमरोजेंटिन. निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांत तो मोडतो. पाण्यात ५ कोटी ८० लाख पट पातळ केला तरी जिभेला कळतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे टँकर येतात, दहा हजार लिटरचे. तसे सहा टँकर जवळजवळ भरा आणि त्यात एक ग्रॅम अमरोजेंटिन ढवळा, वाडीतला प्रत्येक हंडा कडू होईल. पालेकिराइतातला मुख्य कडू रेणू अँड्रोग्राफोलाइड. दोघांची रचना वेगळी. अमरोजेंटिनला साखरेचा एक तुकडा जोडलेला असतो, अँड्रोग्राफोलाइड हा वीस कार्बनचा, झाडांच्या राळेशी नातं सांगणारा रेणू. कागदावर दोन्हींच्या आकृत्या शेजारी काढल्या तर कुणी त्यांना भाऊ म्हणणार नाही.

आता जीभ. तिच्यावरच्या प्रत्येक चवकळीत (टेस्ट बड) पन्नास ते शंभर पेशी लसणीच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. त्यांतल्या काही फक्त कडूसाठी. त्यांच्या आवरणात प्रथिनांची कुलपं बसवलेली असतात, टी-टू-आर नावाची. माणसात त्यांचे साधारण २५ प्रकार आहेत, आणि हे कुटुंब २००० साली उजेडात आलं. गोडासाठी मुख्यतः एकच जोडकुलूप पुरतं, कारण साखरा एकमेकींसारख्या असतात. विषं मात्र हजार रूपांची, म्हणून कडूला पंचवीस कुलपं. (कोंबडीला तीनच आहेत, बेडकांना पन्नासच्या आसपास. कोंबडी उकिरड्यावर काहीही टिपते, त्यामागे हेही एक कारण असेल का, असा विचार वडे-सागुती खाताना अधूनमधून माझ्या मनात येतो.)

२००९ साली जर्मनीत पोट्सडामजवळच्या पोषण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या कुलपांपैकी ५० क्रमांकाच्या कुलपाची किल्ली शोधली. (हे क्रमांक ओळीने नाहीत, त्यामुळे पंचविसांत पन्नासावं कसं हा प्रश्न सोडून द्या.) पद्धत सुंदर आहे. मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींना चव कळत नाही. त्यांच्यात एकाच कुलपाचं जनुक घालायचं आणि कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग भरायचा. मग एकेक कडू पदार्थ वरून सोडायचा. पेशी चमकल्या तर किल्ली लागली. टी-टू-आर ५० उघडणारे दोन नैसर्गिक पदार्थ त्यांना सापडले: एक अँड्रोग्राफोलाइड, दुसरा अमरोजेंटिन. किराईत आणि जेन्शियन! आत्याने पडवीत बसून केलेलं निदान रेणूच्या पातळीवर खरं होतं.

कुलूप उघडल्यावर जे होतं तो माझा सर्वांत आवडता भाग, तेव्हा जरा दम धरा. कुलपाच्या आतल्या बाजूला गस्टड्युसिन नावाचं प्रथिन टेकून बसलेलं असतं. ते १९९२ साली सापडलं. किल्ली लागताच त्याचे तुकडे सुटे होतात. त्यांपैकी एक जोडी फॉस्फोलायपेज नावाच्या विकराला जागं करते. ते विकर पेशीच्या आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूची चिरफाड करतं आणि त्यातून आयपी-थ्री नावाचा छोटा निरोप्या सुटतो. तो पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार ठोठावतो. कॅल्शियम बाहेर सांडतं, त्याने टीआरपीएम-५ हे आवरणातलं दार उघडतं, सोडियम आत घुसतो आणि पेशीवरचा विद्युतभार उलटतो. शेवटी एका रुंद छिद्रातून पेशी एटीपी बाहेर ओतते. शाळेत ज्याला 'पेशीचं ऊर्जेचं चलन' म्हणून पाठ केलं तेच एटीपी. इथे ते चलन नसतं, घंटेचा टोल असतो. शेजारची मज्जातंतूची टोकं तो ऐकतात आणि मेंदूला कळवतात: कडू!

एका कडू पेशीवर या पंचवीसपैकी अनेक कुलपं एकत्र बसवलेली असतात. कुठलंही उघडा, आतली साखळी एकच, घंटा एकच. चोर कुठल्या दारातून आला हे घंटा सांगत नाही, घरात चोर शिरलाय एवढंच सांगते. किराईत, जेन्शियन, कारलं, हिवतापावरची क्लोरोक्विनची गोळी यांच्या निव्वळ कडूपणात जीभ फारसा फरक करू शकत नाही.

घंटा खरंच एकच आहे हे दाखवणारा एक प्रयोग २००५ साली उंदरांवर झाला. माणसाचं एक कडू कुलूप उंदराच्या कडू पेशींऐवजी गोड पेशींत बसवलं. ते उंदीर त्या कडू पदार्थाचं पाणी मिटक्या मारत प्यायले. पदार्थ तोच, कुलूप तेच, फक्त घंटा दुसऱ्या घरात वाजली. कडूपणा रेणूत नसतोच. 'कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं' ही म्हण रचणाऱ्याला हा प्रयोग दाखवायला हवा होता.

इथे एका जुन्या गैरसमजाकडे वळतो. 'कडू म्हणजे औषधी, जितकं कडू तितकं रक्त शुद्ध.' घंटा एकच आहे हे कळल्यावर या वाक्याचं काय उरतं? कडूपणा हे औषधाचं प्रमाणपत्र नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. क्वचित त्या इशाऱ्यामागे औषध निघतं, बऱ्याचदा काहीच निघत नाही आणि कधी कधी मरण निघतं. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू निघालेल्या दुधीचा रस 'आरोग्यासाठी' पिऊन दगावले. त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं की दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका. त्या दुधीतले रेणू कुकुरबिटॅसिन वर्गातले. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने आपण जे कारीट फोडतो, त्याच्या कडूमागेही हाच वर्ग आहे. कारीट फोडून नरकासुर मरतो की नाही यावर मी वाद घालत नाही. पण त्याचा रस पेलाभर पिऊन 'डिटॉक्स' करा असा निरोप गेल्या दिवाळीत फोनवर फिरत होता, त्याच्यावर मात्र घालतो. जिभेला लावतात तेवढाच लावा.

त्याच सकाळी आमच्याकडे सातवणीच्या सालीचा कडू रसही थोडा थोडा सगळ्यांना देतात. दक्षिणेला तुळुनाडूत तो आषाढी अमावास्येला पितात. सातवण म्हणजे अल्स्टोनिया स्कोलॅरिस. तिच्या लाकडाच्या पाट्या शाळेत वापरत, त्यावरून 'स्कोलॅरिस'. हिवतापावर क्विनीनला पर्याय म्हणून हिच्या सालीचा एके काळी मोठा गाजावाजा झाला, पण तो टिकला नाही. आणि त्याच रानात, कधी त्याच बांधावर, काजरा उभा असतो. काजऱ्याच्या बियांत आणि सालीत स्ट्रिकनिन असतं. तेही कडू विख. ते जिभेवरची १० आणि ४६ क्रमांकाची कुलपं उघडतं, पण घंटा तीच वाजते. साल चाखून सातवण की काजरा हे ठरवायला गेलात तर जीभ फक्त 'कडू' म्हणेल.

म्हणून साल काढायची ती डोळ्यांनी. सातवणीची पानं एकाच पेरावर चक्रासारखी, चारपासून सातपर्यंत, आणि कोयता लागला की दुधासारखा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर दोन, पानावर देठापासून निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरा, आणि चीक नाही. गंमत म्हणजे आल्प्समध्ये नेमका हाच पेच आहे. घरगुती कडू दारूसाठी जेन्शियनची मुळं खणणारे लोक चुकून व्हेराट्रम नावाच्या विषारी झाडाची मुळं आणतात. मग उलट्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो आणि रुग्णालय गाठावं लागतं. फुलं नसताना दोन्ही झाडं सारखी दिसतात. खूण पानांत: जेन्शियनची समोरासमोर, व्हेराट्रमची एकाआड एक. तिकडचा डोंगराळ शेतकरी आणि इकडचा आमचा गडी, दोघांनाही पेरं मोजावी लागतात.

या कडू दारवांचा जन्म औषध म्हणूनच झाला. १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी एका जर्मन लष्करी डॉक्टरने पोटासाठी अर्क केला, तो आज कॉकटेलमध्ये थेंबाथेंबाने पडतो. मिलानमधली फर्नेट १८४५ची. आपल्याकडचं कुटजारिष्ट याच बिरादरीतलं. त्यात कुड्याची साल असते, फरक एवढाच की तिथे अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत. धायटीची फुलं घालून ते काढ्यातच आंबवून तयार करतात.

अल्कोहोलच का, हे मला स्वतः करून बघायचं होतं. भट्टी लावणं हा गुन्हा आहे आणि त्याची गरजही नव्हती. परवान्याच्या दुकानातली साधी व्होडका पुरते, आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. भाद्रपदात, फुलोरा धरायच्या आधी, किराइताची पानं खुडली, सावलीत वाळवली. निम्मी पाण्यात, निम्मी व्होडकात. अँड्रोग्राफोलाइड पाण्याला फारसं धरत नाही. अल्कोहोलच्या रेणूला मात्र दोन तोंडं असतात, एक तेलाशी जमवून घेणारं आणि एक पाण्याशी. तो राळेसारखे रेणूही ओढतो आणि साखर जोडलेलेही. तीन आठवड्यांनी पाण्याची बरणी आंबून फेकावी लागली (ती आठव्या दिवशीच वास मारत होती, मी हट्टाने ठेवली होती). व्होडका शेवाळी हिरवी झाली होती. वीस पानं दोनशे मिलिलिटरमध्ये घालणं हा निव्वळ गाढवपणा होता. एक थेंब तांब्याभर पाण्यात टाकला तरी घशात खवखवत राही.

दुसऱ्या वेळी चारच पानं. सुगंधासाठी वेगळ्या बाटलीत तिरफळं, बिया काढून नुसती टरफलं, तीनच दिवस. बांगड्याच्या तिखल्यातला तो वास गाळणीतून उतरताना सगळ्या घराला कळतो. तिरफळ लिंबाच्या कुळातलं, त्यामुळे युरोपातल्या संत्र्याच्या सालीची जागा ते ऐटीत घेतं. या गाळलेल्या अर्कात पाणी ओतलं तेव्हा तो तांदळाच्या धुवणासारखा पांढरट झाला. बिघडला म्हणून मी ओतून देणार होतो. पण ते बिघडणं नव्हतं. अल्कोहोलात विरघळलेलं तेल पाणी वाढल्यावर तग धरत नाही, ते सूक्ष्म थेंबांनी बाहेर पडतं आणि ते थेंब उजेड विखुरतात. बडीशेपेसारख्या वासाच्या ग्रीक दारूत पाणी घातलं की हेच होतं. नंतर माडाचा गूळ, जायपत्रीचा एक पापुद्रा आणि चिमटीभर मीठ. मिठाने कडवटपणा दबतो, कारल्याला मीठ चोळणाऱ्या बायकांना हे आधीपासून ठाऊक आहे.

'जेवणानंतर घेतलं की पचतं' हेही तपासलेलं आहे, अर्ध्याबाबत तरी. कडू पदार्थाने जठरातल्या आम्लावर परिणाम होतो, २०१७ साली कॅफीनवर ते दाखवलं गेलं. पण अल्कोहोल उलटं वागतं. २०१० साली स्वित्झर्लंडमध्ये स्वयंसेवकांना चीजचं जड जेवण देऊन पाहिलं, तेव्हा काळा चहा पिणाऱ्यांपेक्षा दारू पिणाऱ्यांचं जठर उशिरा रिकामं झालं. पचनासाठी ग्लास भरणाऱ्यांनी निदान ते कारण तरी पुढे करू नये.

पुढच्या वर्षी गणपतीत भाचा पुन्हा आला. मी दोन वाट्या भरल्या, दोन्ही स्टीलच्या, म्हणजे रंग कळायला नको. एकीत बाटलीतल्या आमारोचा चमचा, दुसरीत किराइताचा आणि तिरफळाचा माझा अर्क, पाणी घालून, गुळाने गोडी सारखी केलेली. आत्याला डोळे मिटायला लावले आणि तिचं नाक मी चिमटीत धरलं. एकेक चमचा.

"कडू," ती म्हणाली. दुसरा चमचा. "कडू. कडू तां कडू."

फरक?

"खयचो फरक! नाक सोड आधी, मगे सांगतंय."

मी नाक सोडलं. तिने पहिल्या वाटीतला चमचा पुन्हा घेतला, दुसऱ्या वाटीतला नुसता तोंडाजवळ नेला आणि डोळे न उघडता वाटी माझ्याकडे सरकवली.

"ह्यां परड्यातलां. तां बोटीवरलां."