बार्बेक्यू मांसाचे भाजलेले मॅकरोनी-चीज

उकडलेली मॅकरोनी, चीजचा दाट सॉस आणि लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेले मांस एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला अमेरिकी पदार्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बार्बेक्यूच्या ताटात मांसाशेजारी मॅकरोनी-चीजचा वाढा असतोच. या पदार्थात ते मांस थेट मॅकरोनीतच मिसळतात. आदल्या दिवशीचे उरलेले मांस त्यात उत्तम खपते.

अमेरिकेतील मॅकरोनी-चीजचा इतिहास सांगताना टॉमस जेफरसन यांचे नाव हटकून येते. त्यांनी इटलीहून मॅकरोनीचे यंत्र मागवले आणि १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना मेजवानीत मॅकरोनीचा भाजलेला पदार्थ वाढला, हे खरे. पण त्यांच्या घरची चूल चालवणारे हात गुलामांचे होते. त्यांपैकी जेम्स हेमिंग्ज यांना जेफरसन यांनी १७८४ मध्ये पॅरिसला नेले आणि तिथे ते फ्रेंच पाककला शिकले. त्यांची मुक्तता झाली ती १७९६ मध्ये, आणि तीही आपल्या भावाला, पीटर यांना, स्वयंपाकात तयार केल्यावर. या पदार्थाचे श्रेय वाटताना हेमिंग्ज यांचे नाव आधी घ्यायला हवे. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या पाकपुस्तकात दूधपाण्यात शिजवलेली मॅकरोनी, चीज आणि लोणी यांचे थर लावून भाजण्याची कृती आहे. तीत लोणी, मैदा आणि दुधाचा व्हाइट सॉस नाही. क्राफ्ट कंपनीने १९३७ मध्ये १९ सेंटांना खोक्यातले मॅकरोनी-चीज आणले आणि मंदीच्या काळात ते घरोघरी पोचले. तरीही आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांत थँक्सगिव्हिंगसारख्या सणाला ते ओव्हनमध्ये भाजलेलेच लागते, आणि ते कोणी करायचे हेही बहुधा ठरलेले असते.

मांस प्रदेशागणिक बदलते. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनांत डुकराचा खांदा, टेक्ससमध्ये गाईच्या छातीचे मांस म्हणजे ब्रिस्केट, तर कॅन्सस सिटीत ब्रिस्केटच्या टोकाचे खरपूस तुकडे. हिकरी किंवा ओकच्या लाकडाच्या धुरावर साधारण ११० ते १२० अंश सेल्सियसला हे मांस कित्येक तास राहते. त्यातले कोलॅजेन हे चिवट प्रथिन हळूहळू विरघळून जिलेटिन होते. आतले तापमान ९० अंशांपुढे गेले की खांदा काट्याने सहज सुटतो. घाई केली तर हे होत नाही, आणि चिवट मांस सॉसमध्ये लपत नाही.

खरी कसोटी सॉसची. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाच्या जाळीत अडकलेली चरबी आणि पाणी. आच जास्त झाली की जाळी आवळते, तूप सुटते आणि सॉस रवाळ होतो. म्हणून लोणी आणि मैदा समप्रमाणात परतून त्यात दूध घालतात. मैद्यातला स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. भांडे आचेवरून उतरवून मगच किसलेले चीज थोडे थोडे घालावे. जुन्या चेडरला चव भरपूर, पण ते लवकर फाटते. त्यात माँटेरे जॅकसारखे मऊ चीज मिसळले की सॉस मिळून येतो. तयार किसलेल्या चीजला, कीस चिकटू नये म्हणून, स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते, त्यामुळे सॉस खरखरीत होतो. चीजची लादी आणून घरी किसलेली बरी. काही घरांत व्हाइट सॉसऐवजी अंडी आणि आटवलेले दूध वापरतात; तो प्रकार घट्ट होतो, वड्या पाडता येतात.

४५० ग्रॅम मॅकरोनीला प्रत्येकी ६० ग्रॅम लोणी व मैदा, सुमारे १ लिटर दूध, ४५० ग्रॅम चीज आणि ३५० ते ४०० ग्रॅम मांस हे प्रमाण जमून येते. मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे आधी उतरवतात, कारण राहिलेली कसर ती ओव्हनमध्ये शिजून भरून काढते आणि सॉसही पिते. म्हणून भांड्यात ओतताना सॉस जरा सैलच दिसला पाहिजे. मांसावरची सुटी चरबी निथळून घ्यावी, नाहीतर सगळ्यावर तेलाचा तवंग येतो. बार्बेक्यू सॉसमध्ये व्हिनेगर आणि टोमॅटोची आंबट धार असते. तो गरम चीज सॉसमध्ये ओतला तर प्रथिने गोळा होऊन सॉस फाटू शकतो. तो थोडासाच मांसाला चोळावा, बाकीचा वाढताना वरून सोडावा.

वर चीज आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरून १७५ अंशांना २५ ते ३० मिनिटे भाजतात. कडेला बुडबुडे आले आणि वरचा थर सोनेरी झाला की काढायचे. काहीजण ओव्हनऐवजी हे भांडे धुरीच्या भट्टीतच तासभर ठेवतात. तेव्हा ते उघडेच ठेवावे लागते. झाकले तर धूर आत पोचत नाही. भट्टीची आच मंद असल्याने वरचा थर तितका कुरकुरीत होत नाही, पण धुराचा वास चीजलाही लागतो. कसेही केले तरी दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे, म्हणजे सॉस धरतो आणि वाढताना पसरत नाही.