कास्टिंगवरून पॅटर्न: क्लाउडची मांडणी फायलींत उतरवण्यामागची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत ‘एक्सपोर्ट’ म्हटलं की कंटेनरमध्ये भरून परदेशी जाणारं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, डोळ्यांपुढे येतं. त्याच कारखान्यातला कॉम्प्युटरचा मुलगा हा शब्द वापरतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या कॉम्प्युटरवर, उभं असलेलं नेटवर्क, फायरवॉलचे नियम, सर्व्हर आणि परवानग्या मजकुराच्या फायलींत उतरवून गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवणं.

कल्पना क्लाउडपेक्षा जुनी. सर्व्हरची मांडणी फायलींत लिहून ठेवायचं साधन, सीएफइंजिन, १९९३ चं. राउटर-स्विचची कॉन्फिगरेशन ठरावीक वेळाने ओढून सीव्हीएसमध्ये (गिटच्या आधीचं तसंच साधन) टाकणारं रॅन्सिड नेटवर्कवाल्यांना माहीत आहेच. त्याचं काम सोपं होतं, कारण राउटरची मांडणी मुळात मजकूरच होती. २००६ पासून क्लाउड आलं आणि ती सोय गेली. मांडणी डझनभर सेवांच्या एपीआयमागे (प्रोग्रामने सेवेशी बोलायच्या दारामागे) विखुरली आणि सगळं एकदम दाखवणारी एक आज्ञा उरली नाही.

त्यावर २०११ मध्ये ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन आणि जुलै २०१४ मध्ये टेराफॉर्म ही साधनं आली. आधी फाइल लिहायची, मग तिच्यातून सर्व्हर उभे करायचे. फाउंड्रीचाच क्रम: आधी पॅटर्न (वस्तूचा नमुना), मग त्यावरून साचा, मग ओतकाम. आमच्याकडे मात्र घडलं उलटं. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रीजन (सर्व्हरचं स्थानिक केंद्र) सुरू झाला, आणि मी पाहिलेली त्यानंतरची बहुतेक कामं कन्सोलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, क्लिक करत उभी राहिली होती. करणारा पुण्याला किंवा बेंगळुरूला निघून गेला की मागे उरायचा फक्त पासवर्ड. म्हणजे कास्टिंग हातात, पॅटर्न कुठेच नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये टेराफॉर्मच्या ०.७ आवृत्तीत ‘इम्पोर्ट’ आलं, पण ते फक्त स्टेट फाइलमध्ये, म्हणजे काय काय उभं आहे याच्या टेराफॉर्मच्या नोंदवहीत, नोंद करायचं. कोड हातानेच लिहावा लागे. ही पोकळी टेराफॉर्मरसारख्या साधनांनी भरून काढली. मूळ साधनात कोड आपोआप लिहिण्याची सोय आली ती जून २०२३ मध्ये, १.५ आवृत्तीत, आणि तीही प्रायोगिक म्हणून. क्लाउडफॉर्मेशनला तसा जनरेटर फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला.

खरा घोळ ‘एक्सपोर्ट’ या शब्दाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये टेम्प्लेट (मांडणीची फाइल) दोन ठिकाणांहून एक्सपोर्ट करता येतं. डिप्लॉयमेंटच्या (मांडणी उभी केल्याच्या) इतिहासातून काढलं तर त्या वेळी वापरलेलं टेम्प्लेट जसंच्या तसं मिळतं; नंतर कुणी हाताने केलेले बदल त्यात नसतात. रिसोर्स ग्रुपमधून (एकत्र ठेवलेल्या चालू सेवांच्या गटातून) काढलं तर आजची स्थिती मिळते, पण बहुतेक मूल्यं जागच्या जागी ठोकून बसवलेली. शब्द एकच; पहिला जुना पॅटर्न, दुसरा कास्टिंगवरून काढलेली नक्कल.

कास्टिंगवरून पॅटर्न काढणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. कास्ट आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. ती सूट न धरता काढलेल्या पॅटर्नमधून पुढचा नग लहानच निघणार. एक्सपोर्ट केलेल्या फाइलचं असंच होतं. आयडी आणि आयपी जुनेच, पासवर्ड गायब, काही सेवा तर एक्सपोर्टमध्ये येतच नाहीत. त्या फाइलवर हात फिरवल्याशिवाय दुसरा नग पडत नाही. तरीही ‘सगळं पहिल्यापासून नीट लिहा’ असा उपदेश करणाऱ्यांपेक्षा मी एक्सपोर्टवाल्यांच्या बाजूने आहे. चालू कारखाना बंद ठेवून पॅटर्न कोण करणार?

मात्र याला ‘बॅकअप’ म्हणू नये. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत दर शनिवारी एक्सपोर्ट निघायचा आणि वहीत ‘बॅकअप झाला’ अशी नोंद व्हायची. एकदा खरंच गरज पडली, तेव्हा डेटाबेस त्याच नावाचा, त्याच आकाराचा उभा राहिला, पण आत एकही खातेदार नव्हता. मांडणी आली होती, माहिती नाही.

स्टेट फाइलचा धोका याच्या उलट. तिच्यात पासवर्ड उघड मजकुरात असू शकतात, आणि ‘सगळं गिटमध्ये’ म्हणता म्हणता तीही आत जाते. पुढच्या कमिटमध्ये (गिटमधल्या पुढच्या नोंदीत) काढून टाकली तरी इतिहासात राहतेच. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं. भांडण परवान्याचं होतं, पण स्टेट फाइल कूटबद्ध करण्याची सोय ओपनटोफूने २०२४ मध्ये दिली, हे त्यातलं आमच्या कामाचं.

नावांचाही एक गुंता आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. फाइलमधल्या रिसोर्सचं (सर्व्हर, नेटवर्क अशा एखाद्या घटकाचं) नाव तसं बदलायला गेलं तर टेराफॉर्म समजतं, जुनं पाडायचं आणि नवं बांधायचं. हे टाळण्यासाठी स्टेटमध्ये हाताने नाव हलवावं लागे. डिसेंबर २०२१ मध्ये १.१ आवृत्तीत त्यासाठी ‘मूव्ह्ड’ हा ब्लॉक आला. चालू सर्व्हरवर तो प्रयोग करायला फारसं कुणी धजावत नाही. मी सांभाळतो त्या फायलींत शहर अजून बेळगावच आहे. कारण निव्वळ तांत्रिक.