पुढचा भाग कधी येणार? मालिका-कादंबरी आणि ऑडिओबुक यांची पार्श्वभूमी

दोन-तीन मालिका एकाच वेळी लिहीत असलेला कादंबरीकार हल्ली आपल्या वाचकांना कामाचा तपशील अधूनमधून कळवत असतो. एका मालिकेच्या तिसऱ्या भागाचा खर्डा पूर्ण झाला आहे, दुसरीचे संपादन चालू आहे, आधी छापून झालेल्या भागाचे ध्वनिमुद्रण पुढच्या महिन्यात आहे, असे त्याचे स्वरूप असते. पूर्वी ‘पुढचा भाग कधी येणार?’ याचे उत्तर नियतकालिकाचा संपादक, प्रकाशक किंवा लायब्ररीवाला देत असे. आता ते लेखकाकडे कसे आले, हे पाहायचे तर सव्वाशे वर्षांहून मागे जावे लागते.

मराठी कादंबरीची वाढच मुळी हप्त्याहप्त्याने झाली. हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. संपादक आणि लेखक एकच असल्यामुळे अंकाची तारीख हीच प्रकरणाची तारीख ठरे. सामाजिक आणि ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारचे लेखन आपट्यांनी या पद्धतीने केले, त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णही राहिल्या. त्यांच्या दोषांची चर्चा करताना आपले समीक्षक पाल्हाळाचा उल्लेख हटकून करतात, पण दर आठवड्याला मजकूर देण्याचे बंधन पाळून एवढ्या ताकदीचे लेखन करणे किती कठीण असेल, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे, असे मला वाटते. मुंबईत १८९५मध्ये निघालेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने वाचनाची ही सवय आणखी पसरवली आणि १९०९मध्ये त्याच मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला.

स्वतंत्र पुस्तकांची मालिका मुंबईकर वाचकाच्या हाती ठळकपणे आली ती नाथमाधवांमुळे. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशा क्रमाने त्यांनी शिवकाल उलगडत नेला. एक भाग संपला की पुढचा काळ कोणता असेल, हे वाचकाला इतिहासावरून ठाऊक असे. वाट पाहायची ती त्या कथनाची.

बाबूराव अर्नाळकरांनी याच्या नेमकी उलट रीत अवलंबली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक तेच राहत, पण प्रत्येक कादंबरी आपल्यापुरती पूर्ण असे, त्यामुळे मधला एखादा भाग हुकला तरी वाचकाचे अडत नसे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला वेगवेगळ्या नायकांच्या मालिका शेजारीशेजारी चालवता आल्या, त्यामागे ही रचना होती. गिरगाव, दादर, परळच्या वाचनालयांत ही छोटी पुस्तके हातोहात फिरत. नवे पुस्तक आले का, हा प्रश्न तिथल्या टेबलावर विचारला जाई आणि तिथेच त्याचे उत्तर मिळे. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि नारायण धारप यांनीही आपापले नायक घेऊन हीच वाट रुंद केली. गंभीर कादंबरीतली प्रतीक्षा मात्र फार लांबली: भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयातली ‘झूल’ १९७९ची, तर ‘हिंदू’ २०१०ची.

ऐकण्याची परंपरा याला समांतर चालत होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७मध्ये सुरू झाले आणि पुढे आकाशवाणीवरच्या श्रुतिका आणि अभिवाचनांनी कित्येक घरांत साहित्य पोहोचवले. याच शहरात १९५२मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने अंध वाचकांसाठी बोलक्या पुस्तकांचे काम उभे केले. ऑडिओबुकच्या इतिहासात या कामाला पहिले स्थान द्यायला हवे, कारण बाजार नसताना संपूर्ण पुस्तक निष्ठेने वाचून ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत तिथे रुजली. पुढे व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घराघरांत गेल्या, पण कॅसेटच्या मर्यादेत कथा बसे, कादंबरी बसत नसे.

ती अडचण मोबाइलने दूर केली. स्वीडनमधल्या स्टोरीटेल कंपनीने नोव्हेंबर २०१७मध्ये भारतात ऑडिओबुकची सेवा सुरू केली, तेव्हा मराठी पहिल्या काही भाषांत होती. विरारहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणाऱ्या माणसाला पुस्तक उघडून धरणे शक्य नसते, ऐकणे शक्य असते. जुन्या लेखकांच्या मालिका नव्या पिढीला मिळाल्या आणि थेट ऐकण्यासाठी लिहिलेल्या, भागांत विभागलेल्या कथाही येऊ लागल्या.

यातून लेखकावर आलेले काम वाचकाला सहसा दिसत नाही. पहिला प्रश्न हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे आपटे किंवा नाथमाधव यांची पुस्तके कोणीही ध्वनिमुद्रित करू शकतो, परंतु १९९६मध्ये निधन झालेल्या अर्नाळकरांसाठी वारसांची संमती लागते. जुन्या करारांत ध्वनिहक्कांचा उल्लेखच नसे. २०१२च्या कायदादुरुस्तीने, करार करतेवेळी व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय हस्तांतरित होत नाहीत, असे ठरवले, आणि तेव्हापासून आपल्या ध्वनिहक्कांकडे स्वतंत्रपणे पाहण्याची जबाबदारी लेखकावर आली.

दुसरा प्रश्न वेळेचा. लाखभर शब्दांच्या कादंबरीचे वाचन साधारण १२ ते १५ तासांचे होते आणि ध्वनिमुद्रण, चुकलेल्या जागांचे पुन्हा ध्वनिमुद्रण, संकलन यांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मुद्रितशोधन पूर्ण होऊन संहिता पक्की झाल्याशिवाय ते सुरू करणे जोखमीचे असते, कारण नंतर बदललेले एक वाक्यही पुन्हा वाचून घ्यावे लागते. मालिकेत आणखी एक अट येते. पहिल्या भागात ज्या आवाजाने नायक उभा केला, तोच आवाज श्रोत्यांना दुसऱ्या-तिसऱ्या भागातही हवा असतो. तो कलाकार नाटकाच्या दौऱ्यावर किंवा चित्रीकरणात अडकला, तर छापील भाग दुकानात येऊनही ऑडिओ मागे राहतो, आणि प्रकाशनाची तारीख सांगताना लेखकाला दोन वेगवेगळ्या तारखा सांगाव्या लागतात.