न वापरलेल्या पॅरामीटरची वॉर्निंग (सी भाषा)

सी भाषेतल्या फंक्शनने एखादा पॅरामीटर (बाहेरून मिळणारे मूल्य) मागून घेतला, पण आत तो कुठेच वापरला नाही, तर कंपायलर, म्हणजे कोडचे चालवण्याजोग्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारे साधन, ही वॉर्निंग देऊ शकतो. भाषेच्या नियमात यात काही चूक नाही. प्रोग्रॅम तयार होतो आणि चालतो. जीसीसी या कंपायलरमध्ये तिचे नाव ‘डब्ल्यूअनयूज्ड-पॅरामीटर’. नुसता ‘डब्ल्यूऑल’ पर्याय दिला तर ती दिसत नाही, जोडीला ‘डब्ल्यूएक्स्ट्रा’ लागतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ती चौथ्या पातळीवर सी४१०० या क्रमांकाने येते.

पुष्कळदा पॅरामीटर न वापरणे रास्तच असते. कॉलबॅक फंक्शनचा (आपण लिहून दुसऱ्या कोडकडे सोपवलेल्या आणि त्याने बोलवायच्या फंक्शनचा) साचा बोलावणारा ठरवतो, लिहिणारा नाही. पीथ्रेड या लायब्ररीत नव्या थ्रेडच्या (समांतर चालणाऱ्या कामाच्या) फंक्शनला एक व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता) घ्यावाच लागतो, मग त्याचे काम असो वा नसो.

तरीही ही वॉर्निंग सरसकट बंद करणे धोक्याचे. समजा, एका फंक्शनला बफर (डेटा ठेवायचा मेमरीचा तुकडा) आणि त्याची लांबी दिली आहे, पण आतल्या लूपमध्ये लांबीऐवजी २५६ हा आकडा राहून गेला. २५६ बाइटचे बफर दिले तोवर सगळे सुरळीत. कुणी ६४ बाइटचे दिले की लूप हद्द ओलांडून पलीकडची मेमरी खराब करतो. लांबीला आत हातच लागलेला नाही, हे ही वॉर्निंग कंपाइल करतानाच सांगते.

वॉर्निंग थांबवायची जुनी रीत म्हणजे पॅरामीटरचे नाव व्हॉइडमध्ये कास्ट करून, म्हणजे त्याचा प्रकार बदलून ‘मूल्य नको’ असे सांगून, एक स्वतंत्र ओळ लिहिणे. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत ‘अनयूज्ड’ हे अॅट्रिब्यूटही (कंपायलरला जादा माहिती देणारी खूण) चालते. त्याही आधी, बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेल्या लिंट या तपासनिसासाठी ‘आर्ग्जयूज्ड’ अशी कॉमेंट लिहीत.

सी भाषेच्या सी२३ या प्रमाणित आवृत्तीने दोन सोयी दिल्या: ‘मेबी अनयूज्ड’ हे प्रमाणित अॅट्रिब्यूट, आणि फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरचे नाव गाळण्याची मुभा. सी++ मध्ये नाव गाळणे आधीपासूनच चालत होते. पॅरामीटर कधीच लागणार नसेल, तर नाव गाळणे सर्वांत चांगले. कास्टची ओळ पुढे पॅरामीटर वापरात आला तरी तशीच पडून राहते आणि वाचणाऱ्याची दिशाभूल करते. नावच नसेल तर तो वापरताच येत नाही. ‘मेबी अनयूज्ड’ची खरी जागा वेगळी: पॅरामीटर फक्त असर्टमध्ये (अट खरी आहे ना हे चालताना पाहणाऱ्या तपासणीत) तपासला जातो आणि असर्ट बंद करणारा एनडीबग पर्याय लावल्यावर ती तपासणीच गळून पडते, तिथे.