एका युनिटला किलोभर कोळसा

सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ साली सुरू झाला, दुसरा २०१९ साली. देशातली बहुतांश वीज अशा कोळशाच्या केंद्रांतूनच येते. आता त्यांच्यासमोर एखाद्या कारखान्याच्या आवारातलं १० मेगावॉटचं केंद्र ठेवून पाहू.

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. आपल्याकडचा कोळसा किलोला साधारण ३,६०० किलोकॅलरी देतो. या हिशेबानं पाव किलोत भागायला हवं. प्रत्यक्षात मोठ्या संचाला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम लागतात आणि छोट्याला नऊशे ग्रॅम ते किलो. वाफेचा दाब जास्त तितकी तेवढ्याच उष्णतेतून वीज जास्त. मोठ्यात हा दाब २२१ बारच्या वर असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), छोट्यात ६५च्या आसपास. शिवाय छोट्या टर्बाइनमध्ये पात्यांच्या टोकाशी निसटणारी वाफही प्रमाणात जास्त.

वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी चिमणीतून जाते, बरीचशी कंडेन्सरमधून (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र) कूलिंग टॉवरला. छोट्या केंद्रातही तिथं तासाला सुमारे तीस हजार लिटर पाणी उडून जातं, म्हणजे दर वीस मिनिटांना दहा हजार लिटरचा एक टँकर! सोलापूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पारा ४२ला टेकला तरी टॉवर पाणी चांगलं गार करतो. पण ते पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न राहतोच.

छोट्या बॉयलरची खरी परीक्षा बेडमध्ये, म्हणजे राख-वाळूच्या ज्या थरात कोळसा जळतो त्यात. तळाच्या नोझलमधून जोरात हवा सोडली की हा थर आमटीसारखा खदखदतो. आधी डिझेल शिंपडलेला लाकडी कोळसा पेटवायचा. बेड ६०० अंशांवर गेला की सहा-आठ मिलिमीटरचा दगडी कोळसा हळूहळू सोडायचा. पुढं तापमान ८५० ते ९०० अंश. ९५०च्या वर राख चिकट होऊ लागते आणि क्लिंकर, म्हणजे राखेचा दगडासारखा गोळा, धरतो.

हे बहुतेक वेळा पावसाळ्यात घडतं. ओला चुरा बंकरच्या (कोळशाच्या साठवण टाकीच्या) उतरत्या भिंतीला धरून बसतो, बेड थंडावतो, ऑपरेटर कोळसा सोडणाऱ्या फीडरचा वेग वाढवतो. आणि मग अडकलेला ढीग एकदम कोसळतो. बेडचं तापमान मोजणारं एक थर्मोकपल वर पळतं, शेजारचं खाली येतं. तेव्हाच कोळसा कमी करून हवा वाढवली आणि बेडची राख थोडी काढली तर निभावतं. नाहीतर नोझल बुजतात, मग बॉयलर बंद, गार होईपर्यंत थांबणं आणि आत शिरून पहारीनं फोडणं. एरवीही रोज २२० टन कोळसा जाळून ऐंशीएक टन राख उचलावी लागतेच.

एवढं करून छोटं केंद्र परवडतं ते वाफ दोनदा वापरली तर. टर्बाइनमधून ३-४ बारची वाफ मध्येच काढून चादरी-टॉवेलांच्या रंगाईला दिली की कंडेन्सरमध्ये जाणारी उष्णता कामी लागते. साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, हेच करतात. रंगाई बंद असेल त्या दिवशी मात्र पुन्हा युनिटला किलो.