एका सेकंदात जेमतेम आठ मिलिसेकंद

2023 साली मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका रुग्णावर नैराश्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया केली. ती बातमी वाचून मावशीचा फोन आला. "म्हणजे शॉकच ना रे तो?" अगं मावशी, नाही! पण फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हा खटाटोप.

शॉक म्हणजे ईसीटी. त्यात रुग्णाला भूल देतात, स्नायू सैल करतात आणि बाहेरून वीज देऊन मेंदूभर थोड्या वेळाची फीट आणतात. (सिनेमात दाखवतात तसा भूल न देता दिलेला शॉक 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्याकडे बेकायदा आहे. आणि बदनाम असली तरी ईसीटी तीव्र नैराश्यावर फार गुणकारी आहे.) बातमीतली शस्त्रक्रिया म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस. हे प्रकरणच निराळं. कवटीला छोटं भोक पाडून साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत खोलवर सोडायची, दोन्ही बाजूंना एकेक. तारेच्या टोकाशी धातूच्या बारीक कड्या. वायर कातडीखालून मानेतून खाली छातीत, तिथे पेसमेकरसारखी डबी. फीट नाही, बेशुद्धी नाही, पण वीज वर्षानुवर्षं चालू. हे अर्थात औषधं, समुपदेशन, बहुतेकदा ईसीटीसुद्धा करून थकलेल्यांसाठी. त्यातही आपल्या कायद्यानुसार रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात.

आता माझा आवडता भाग. वीज नेमकी किती? नेहमीचं एक सेटिंग घ्या: सेकंदाला 130 ठोके, प्रत्येक ठोका 60 मायक्रोसेकंदांचा. गुणाकार केला की 7,800 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदातले आठ मिलिसेकंदही पुरते नाहीत. उरलेला 99 टक्के वेळ, प्रत्येक ठोक्यानंतर विजेचा हिशेब चुकता करणारा मंद उलटा प्रवाह सोडला, तर यंत्र गप्प!

ठोक्यांचा हा वेग सापडला फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात, 1987 साली. तोही नैराश्यावर नव्हे, पार्किन्सनसारख्या आजारांतल्या हातापायांच्या थरथरीवर काम करताना. ती थांबवण्यासाठी तेव्हा थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातला एक ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहायला थोडी वीज देऊन बघत. तिथले मेंदूचे सर्जन आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की ठोक्यांचा वेग सेकंदाला शंभरच्या आसपास नेला की थरथर थांबते आणि वीज बंद केली की परत येते. मग जाळायचं कशाला?

आणि ठोका इतका आखूड का? मज्जापेशीला जागं करायला विजेचा जोर लागतो, तसा वेळही लागतो. त्या वेळेचं एक माप आहे, क्रोनॅक्सी. पेशीतून निघणाऱ्या, मायलिनचं (चरबीयुक्त) वेष्टन असलेल्या जाड तंतूंची क्रोनॅक्सी शे-दोनशे मायक्रोसेकंदांच्या घरात असते, पेशीच्या मुख्य देहाची मिलिसेकंदांत. साठ मायक्रोसेकंदांत पेशीदेहाला दारावरची थाप ऐकूही येत नाही, तंतू मात्र खडबडून उठतो. म्हणजे मेंदूतल्या एखाद्या 'जागेला' वीज दिली असं आपण म्हणतो खरं, पण ती पोचते मुख्यतः त्या जागेतून जाणाऱ्या तंतूंना, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या तारांना. त्या तारांवर मग 130चा एकसुरी ठेका सुरू होतो. शेजारी भांडण चालू असताना आपण मिक्सर लावावा, तसं काहीसं. भांडण थांबत नाही, पण त्यातला शब्दही इकडे पोचत नाही. निदान थरथरीच्या बाबतीत तरी हे स्पष्टीकरण बरंच पटण्यासारखं आहे.

नैराश्याकडे ही तार वळवली मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग आणि मेंदूचे सर्जन आंद्रेस लोझानो यांनी, कॅनडातल्या टोरांटोत. निरोगी माणसाला दुःखाची आठवण काढायला लावली की मेंदूच्या मध्यभागी, खालच्या अंगाला असलेल्या 'क्षेत्र 25'मधला रक्तप्रवाह वाढतो, हे मेबर्ग यांना स्कॅनवर दिसलं होतं. औषधांनी बरं वाटलेल्यांमध्ये तिथली धावपळ कमी झालेली होती. 2005 साली त्यांनी सहा रुग्णांचे निष्कर्ष छापले. सहा महिन्यांनी सहापैकी चौघे सुधारलेले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे रुग्ण जागे होते. वीज सुरू होताच एकदम हलकं वाटतंय, खोली उजळल्यासारखी दिसतेय, रंग स्पष्ट झालेत, असं त्यांनी सांगितलं.

झालं! 'नैराश्याचं बटण सापडलं' म्हणून डंका पिटायला एवढं पुरतं. मग अमेरिकेत मोठी चाचणी झाली. 90 जणांना तारा बसवल्या. साठ जणांचं यंत्र चालू, तिसांचं बंद, आणि कुणाचं काय ते रुग्णाला ठाऊक नाही. सहा महिन्यांनी चालू गटात बारा जण सुधारले, म्हणजे 20 टक्के. बंद गटात पाच, म्हणजे 17 टक्के. चाचणी मध्येच आवरती घेतली.

यंत्र बंद असूनही पाच जणांना बरं वाटलं, हे विसरू नका. अंगाऱ्याने किंवा चुंबकाच्या पट्ट्याने 'आमच्या काकांना फरक पडला' असं कुणी सांगितलं की मला हे पाच जण आठवतात.

बारा का, पन्नास का नाही? मला वाटतं, उत्तर पुन्हा तारांत आहे. क्षेत्र 25पाशी तंतूंचे चार जुडगे एकमेकांजवळून जातात, दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे जवळ येतात तसे. स्टेशनच्या नावावरून नव्हे, रुळांच्या नकाशावरून इलेक्ट्रोड बसवायला हवा, आणि हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात रिवा-पोसे आणि मेबर्ग यांनी 11 रुग्णांचे असे नकाशे एमआरआयवरून आधी काढले, मग तार सोडली. सहा महिन्यांनी आठ जण सुधारले, वर्षाने नऊ. मात्र यात यंत्र बंद ठेवलेला गटच नव्हता. काकांच्या पट्ट्याला लावलेली कसोटी माझ्या लाडक्या तारांनाही लागू, त्यामुळे टाळ्या सध्या राखून ठेवतो.

आणखी एक गोष्ट मिक्सरच्या उपमेत बसत नाही. यंत्र बंद केलं की थरथर लगेच परतते, नैराश्य मात्र हळूहळू, दिवसा-आठवड्यांनी. सुधारणाही तशीच सावकाश येते. त्या थांबवलेल्या चाचणीतल्या ज्या रुग्णांचं यंत्र पुढे चालू राहिलं, त्यांतले दोन वर्षांनी सुमारे निम्मे सुधारले होते. ठेक्याखाली तारांची जोडणीच सावकाश बदलत असावी.

हे सगळं ऐकून मावशीने विचारलं, "आणि बॅटरी संपली की?" बदलावी लागते गं, छातीवर पुन्हा छोटा छेद घेऊन. आता चार्ज करायच्याही मिळतात. "मोबाइलसारख्या? मग मी तर विसरेनच!"